उघड्या झाकणाचा ड्रम

मी आयर्लंडला निघाले त्याच सकाळी आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं. हैदराबादच्या विमानतळाकडे जाणारी जीप दारात उभी होती. निरोप द्यायला अख्खी गल्ली जमली होती, शेजारच्या सईदा खालांनी माझ्या हातात पराठ्यांचा डबा कोंबला होता आणि आईचे डोळे आता भरून येणार, एवढ्यात वरच्या टोकाकडून "नळ आला" अशी हाक आली. पुढच्या क्षणी माझ्याजवळ फक्त जीपचा ड्रायव्हर उरला. आईसुद्धा गेली. आमचं पाणी भरायला गेली असती तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. ती गेली समोरच्या कदमकाकांचा ड्रम भरायला, कारण काका एसटीच्या डेपोत ड्यूटीवर होते. जाता जाता मला म्हणाली, "दम धर की जरा. इमान काय लगेच उडायलंय व्हय?"

ती परत आली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. ओल्या हातांनीच तिनं माझा चेहरा धरला. मी चिडलेलीच होते. जीपमध्ये बसून रडले ते घर सुटलं म्हणून, आणि थोडं माझ्यापेक्षा कदमकाकांचा ड्रम मोठा झाला म्हणूनही.

नांदेडची आमची गल्ली कामगारांची. गिरणी बंद पडल्यावर कुणी रिक्षा धरली, कुणी सेंट्रिंगचं काम, तर माझ्या वडिलांसारख्यांनी मोंढ्याच्या धान्यबाजारात पोत्यांची हमाली. आमच्यासारखी जयभीमवाली घरं, मराठ्यांची, मुसलमानांची, आणि देगलूरकडून आलेली, आपसात तेलुगू बोलणारी दोन-तीन. भिंतीला भिंत अशी की एका घरात मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या घरात शिंका सुरू. पाणी कधी येईल याचा नेम नव्हता आणि दिवसा निम्मी दारं बंद असायची. म्हणून कामावर जाताना प्रत्येकजण आपला निळा ड्रम दारात ठेवून जायचा, झाकण उघडं टाकून. झाकण उघडं म्हणजे घरात कुणी नाही. मग ज्याच्या नळाचा पाइप तिथवर पोचेल त्यानं तो ड्रम भरायचा आणि झाकण लावायचं. यासाठी कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं. मानले असते तर समोरच्याला वाटलं असतं, याला बरं नाही की काय. भांडणं मात्र रग्गड. आई आणि सईदा खाला पाइपावरून भांडून आठवडेच्या आठवडे बोलत नसत, पण त्या अबोल्यातसुद्धा एकमेकींचा ड्रम दोघींनी कधी कोरडा ठेवला नाही.

हे मी गोड करून सांगत नाही. गल्लीतले तुम्ही हे वाचाल तेव्हा म्हणाल, पोरगी परदेशात जाऊन आमचं कौतुक करायला लागली. मला त्या गल्लीतून सुटायचं होतं. माझ्या लग्नाची काळजी आईपेक्षा तुम्हाला जास्त, अभ्यासाला एक कोपरा नाही, ताप आला तरी पंधरा जणांचे पंधरा सल्ले. नर्सिंगचा निकाल लागला तेव्हा मी मनात पहिला विचार केला तो लांब जायचा.

तर आता मी कॉर्क शहरात आहे, विटांच्या लहान घरांच्या एका रांगेत. नळ सोडला की पाणी, तेही गार आणि गरम. सुरुवातीला कितीतरी दिवस मी सवयीनं पातेली भरून ठेवायची आणि सकाळी तेच पाणी ओतून द्यायची. शेजारी मोरीन नावाची म्हातारी एकटी राहते, तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात. तिचे वडील गोदीत माल उतरवायचे. वडील काय करायचे हे तिनं मला विचारलं, मी पोत्यांचं सांगितलं, आणि तेव्हापासून आमचं जमलं. ती सांगते की तिच्या लहानपणी या रस्त्यावर दाराची किल्ली पत्रपेटीच्या फटीतून दोरीनं लोंबत असायची, कुणीही ओढून आत यायचं, आणि बाळंतिणीच्या घरी चूल कुणी पेटवली हे बाळंतिणीलाही कळायचं नाही. आता तिच्या गळ्यात एक बटण लटकतं. पडलं तर दाबायचं, मग कुठल्या तरी लांबच्या ऑफिसातून आवाज येतो. मला ते बटण फार आवडलं होतं. आईसाठी एक घ्यावं असंही मनात आलं होतं.

कारण वडील गेल्यापासून एकटीच राहणारी आई गेल्या वर्षी पडली. नळाजवळच्या शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर दादानं तिला लातूरला नेलं. दादा तिथं क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, वहिनी बँकेत. लिफ्टची बिल्डिंग, खाली टाकीत टँकर ओततो आणि वर आईला फक्त तोटी फिरवायची. मीच फोनवर सगळ्यात जास्त आग्रह धरला होता. आईनं एकच अट घातली, निळा ड्रम बरोबर घ्यायचा.

आणि लातूरला गेल्यावर तिनं तो फ्लॅटच्या दाराबाहेर ठेवला. झाकण उघडं. दादा-वहिनी कामावर गेले की काठी टेकत खाली बाकावर जाऊन बसायच्या आधी ती रोज तो बाहेर काढायची. वहिनीनं समजावलं, दादानं आत आणला, तरी दुसऱ्या दिवशी ड्रम बाहेरच. कुणीतरी त्यात वेफर्सची रिकामी पाकिटं टाकली. सोसायटीकडून तक्रार आली. दादाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. आईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, डॉक्टरांना दाखवावं लागेल, असं तो म्हणाला.

मी नर्स आहे. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं ते रोज बघते. भीत भीतच आईला फोन लावला आणि ड्रमाचं विचारलं.

"डोकं ठिकाणावर हाय माझं," ती म्हणाली. "नळाला पाणी हाय ते मला काय दिसत न्हाई? मी बघायले होते, कुणी इचारतंय का. म्हातारी दारात रिकामा ड्रम कशापायी ठेवती, एवढं तरी. कुणीच इचारलं न्हाई, बाई."

त्यानंतर तिनं माझं जेवण झालं का विचारलं आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात उभी राहून खूप रडले. इतकी तिची आठवण मला इथं आल्यापासून कधी आली नव्हती.

मी दादाला सांगितलं, तिला नांदेडला सोड. तो भडकला. माझं म्हणे काय जातंय, लांबून बोलायला. आणि मग त्यानं विचारलं ते खरं होतं. "पुन्हा पडली तर कोण उचलणार तिला?"

मी म्हटलं, मागच्या वेळी कोणी उचललं?

मागच्या वेळी सईदा खालांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, कदमकाकांनी रिक्षा आणली होती, देगलूरकरांची सून दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसून राहिली होती. आम्हाला फोन आला तो संध्याकाळी, सगळं झाल्यावर. लेकरं लांब आहेत, उगाच घाबरतील, म्हणून त्यांनी तो मुद्दाम उशिरा केला होता.

पुढच्या रविवारी दादा आईला सोडून आला. ती आता तिच्या घरी आहे, आणि पडली तर तिला उचलायला माणसं आहेत. त्या माणसांत मी नाही.