बंद डोह

मरळ माझ्या छातीवर येऊन आपटली आणि खाली पाण्यात पडली. हातभर लांब. मेलेली.

“घे, तुझा वाटा,” भाऊसाहेब म्हणाले. काठावरचे पाहुणे हसले.

मी कमरेइतक्या पाण्यात उभी. लुगडं अंगाला चिकटलेलं. दोन तास मी त्यांच्यासाठी मेलेले मासे वेचत होते, टोपल्या भरून वर देत होते. ते जांभळाच्या सावलीत बसून बघत होते. माशांकडे नाही. माझ्याकडे. मला काय कळत नव्हतं?

“उचल माय,” काठावर उभा असलेला माझा सासरा म्हणाला. “मोठा मानूस शे. उचल.”

मी उचलली. वर कपाळाला हात लावून रामराम केला. वाटा घेतल्याची मला आज लाज वाटत नाही, घरात खायला नव्हतं. त्या रामरामाची वाटते.

आम्ही भोई. धरणगावच्या बाजूला गिरणेकाठी आमची पंधरा-वीस घरं. पूर्वी आमचे पुरुष पाटलांच्या बायकांच्या डोल्या खांद्यावर न्यायचे. मोटारी आल्या, डोल्या गेल्या. उरली नदी. उन्हाळ्यात वाळूत डांगरांची वाडी लावायची, बाकी वर्षभर मासे धरायचे.

उन्हाळ्यात गिरणा आटते. जिकडं तिकडं वाळू, मधे कुठं कुठं डोह. नदीतला वाचलेला मासा त्या डोहांत येऊन राहतो. म्हणून आमच्यात रीत होती. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण झाला की सगळ्यात खोल डोह बंद करायचा. काठावर वेळूची काठी रोवायची, तिला लाल फडकं बांधायचं, नारळ फोडायचा. मग पहिला पूर येईपर्यंत त्यात जाळं नाही, गळ नाही. त्या दिवसांत मरळीच्या पोटात गाभोळी असते. पूर आला की ती अंडी सोडते, आणि तीच पिल्लं मोठी होऊन वर्षभर आमचं पोट भरतात. माझ्या लग्नाच्या वर्षी आम्ही कितीतरी दिवस मीठ-भाकरीवर काढले. डोह शंभर पावलांवर होता. कुणी गेलं नाही.

आता माझी चूक सांगते. ती मी केली, दुसऱ्या कुणी नाही.

भाऊसाहेब म्हणजे पाटलांचा थोरला मुलगा. शहरात शिकून आलेला. त्या उन्हाळ्यात तो जीप घेऊन नदीकाठानं चालला होता. मी वाडीत डांगरांना पाणी घालत होते. त्यानं गाडी थांबवली आणि काठीकडं बोट दाखवलं. “हे काय गं?”

मला बरं वाटलं. एवढा मोठा माणूस आपल्याला काही विचारतो. मी पदर सावरला आणि ऐटीत सांगितलं, “डोह बंद शे भाऊ. पूर येवालोंग कोनी हात लावत नई. नदीना बठ्ठा मासा आठेच शे.”

नदीतला सगळा मासा इथंच आहे, हे मीच सांगितलं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या, त्याही हसून. आमच्या माणसाला काठी दिसली की तो मागं फिरायचा. बाहेरच्याला ती काठी काय सांगते, हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी जीप आली. भाऊसाहेब आणि तीन पाहुणे, त्यातला एक वकील. पाटलांच्या मळ्यात विहीर खणायचं काम चालू होतं. खडक फोडायचे सुरुंगाचे तोटे तिथून आणलेले. एक तोटा वात पेटवून डोहात टाकला. पायाखालची वाळू हादरली. जरा वेळानं मासे वर यायला लागले, पांढरी पोटं करून. मोठे, लहान, बोटाएवढे. आबा, म्हणजे माझा सासरा, धावत गेले. हात जोडले.

“बरा आलास,” भाऊसाहेब म्हणाले. “सुनेला उतरव पाण्यात. वेचायला माणूस पाहिजे.”

अशी मी पाण्यात उतरले होते.

घरी मरळ चिरली. ओंजळभर गाभोळी निघाली. सासूनं तोंड फिरवलं. पण भूक होती. सगळ्यांनी खाल्ली. मी पण खाल्ली.

त्या पावसाळ्यानंतर जाळ्यात काही येईना. पुरुष सकाळी जायचे, दुपारी चार पोरके मासे घेऊन यायचे, जाळी वाळत घालायचे. दिवाळीनंतर माझा नवरा बोदवडकडं रेल्वेची खडी फोडायला गेला. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. चावडीवर झेंडा लागायचा तेव्हा आम्हाला पण गूळ मिळायचा, लांबून. नदी कुणाची, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

होळीला आमच्या लोकांची बैठक बसली.

“डोह कोनी दखाडा त्यास्ले?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

बायका मागं बसल्या होत्या. मी पदराआडून म्हटलं, “मी.”

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. म्हाताऱ्यानं एवढंच ठरवलं की यंदा काठी रोवायची नाही. मग मला राग आला. स्वतःचाच आला होता, पण बाहेर पडला त्यांच्यावर. म्हटलं, काठी नसली तर खालच्या गावचे आपलेच भाऊबंद जाळं टाकतील. त्यांना कसं कळणार? काठी रोवा. राखण मी करते.

कुणीतरी हसलं. बाईमाणूस राखण करणार. हसू दे.

घरी जाताना आबा म्हणाले, “पाण्यात राहीसन माशासंगे वैर करानं नई, माय.”

“पाण्यात आपन ऱ्हातस आबा,” मी म्हटलं. “पाटील नई.”

राखण म्हणजे काही पराक्रम नाही. ऊन, डोळ्यांत वाळू, आणि दिवसभर जीपच्या आवाजाकडं कान. आखाजीनंतर महिनाभर मी तशी बसले. कंटाळून गेले. कधी कधी वाटायचं, यावेतच एकदा ते, म्हणजे सुटेन.

आले. भर दुपारी. तेच भाऊसाहेब, तोच वकील. तोटा हातातच होता. मला ओरडायचं होतं, पण ओरडून कोण ऐकणार? मी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. तिथं थांबले. पाण्यात तोटा फुटला की माशाचं काय होतं ते मी हातांनी वेचलं होतं. माणसाचंही तेच होणार. तळाच्या चिखलात मी अंगठे रोवून धरले.

“बाहेर निघ,” भाऊसाहेब म्हणाले.

“टाका भाऊ,” मी म्हटलं.

आबा पळत आले. ह्या खेपेला हात त्यांनी माझ्यासमोर जोडले. “माय, तुना पाय पडस. बाहेर ये.” रडत होते. ज्या माणसानं मला सून म्हणून नाही, मुलगी म्हणून वागवलं, तो रडत होता, आणि मी त्याच्याकडं बघितलं. तीच माझी दुसरी चूक. पाय आपोआप एक पाऊल काठाकडं आला. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि काडी ओढली.

मी ते पाऊल मागं घेतलं. तोंडात पाणी गेलं.

वकील म्हणाला, “पोलिसात द्या हिला. नदी सरकारची आहे.”

“मंग सरकारले सांगा,” मी म्हटलं. “येऊ द्या त्याले पाण्यात.”

काडी जळत भाऊसाहेबांच्या बोटांपर्यंत आली. त्यांनी ती वाळूत टाकली. दुसरी ओढली नाही. गाडीत बसताना मला आईवरून शिवी दिली.

जिंकले असं कुणी समजू नये. तासाभरानं वरच्या अंगाला धडाका ऐकू आला. कोसभर वरचा डोह त्यांनी उडवला. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पाटलांच्या मळ्यातली कामं आमच्या घराला बंद झाली. तरी त्या वर्षी पूर आला, आणि काठाच्या गवतात मरळीची पिल्लं दिसली. लाल, झुंडीनं. मी वाकून बघत बसले. रडू आलं नाही. थकले होते.

पुढच्या आखाजीच्या आधी वरच्या डोहावरच्या तीन बायका आमच्या दारात आल्या. आत बसल्या, पाणी प्यायल्या. मग त्यातली एक म्हणाली, “आक्का, कितलं पाण्यात उभं ऱ्हावानं?”

मी सांगितलं. गळ्याइतक्या. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलात तर ते बूट काढून येतील आणि दंडाला धरून ओढतील. गळ्याइतक्या पाण्यात त्यातला एकही उतरत नाही. काडी ओढली तरी हलायचं नाही. आणि आपल्याच घरचा कुणी काठावर येऊन रडायला लागला, पाया पडायला लागला, तर त्याच्याकडं बघायचं नाही. पाठ करून उभं राहायचं.