रोज एक तांब्या पाणी

मी पदवीधर झालो तो कळंबच्या वसतिगृहातल्या रेक्टर सरांमुळे. आज जुना जर्मनचा तांब्या हातात आला आणि तिथलं अंगण आठवलं. सरांनी प्रत्येकाला कडुलिंबाचं एक रोप देऊन बजावलं होतं, "आठ दिवसांतनं एकदाच पाणी. रोज पाजलं तर मूळ खाली कशाला जातंय?" मला त्या रोपाची दया यायची, म्हणून मी रोज पहाटे गुपचूप तांब्याभर पाणी ओतायचो. उन्हाळी सुट्टीत कुणीच पाणी घातलं नाही. परतलो तेव्हा सगळ्यांची रोपं हिरवी होती, माझं वाळलं होतं. उपटलं तर मूळ जेमतेम वीतभर. ते बघून सर म्हणाले, "हुमणीच्या अळीनं मूळ खाल्लं असंल लेका. माझं झाड आजपासून तुझं." मी होकारार्थी मान हलवली. रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. आज सरांना पत्र टाकलं: "सर, हुमणी नव्हती. मी रोज पाणी घालत होतो."