मामाने बोलका केलेला मूकपट

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला मामाचा नव्याने संताप येतो. सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. आमच्या फिल्म सोसायटीने धंतोलीतल्या एका कूलर लावलेल्या हॉलात एका जुन्या दिग्दर्शकाचा मूकपट आणला होता. दुःखाच्या क्षणी हा दिग्दर्शक नटांना पाठमोरं उभं करायचा, चेहरा दाखवायचाच नाही, हे मी नुसतं वाचून होतो. बघायला जीव टाकत होतो. नेमका त्याच दुपारी मौद्याहून मामा आला आणि आईने तो माझ्या गळ्यात मारला. गावच्या टुरिंग टॉकीजमध्ये हिंदी सिनेमा बायाबापड्यांना मोठ्याने समजावून सांगायची मामाला सवय. इथे पडद्यावर कोणीच बोलेना म्हटल्यावर तो सुटलाच. “आता पोरगं घर सोडून चाललं पाहा!” मी कोपर मारलं. “मामा, चूप बस ना गा!” “काहून? कोनीच बोलून नाही राहिलं, मंग लोकायले समजंन कसं?” पुढची रांग वळून माझ्यावरच डोळे वटारत होती. शेवटी तो प्रसंग आला. मुलगा घरातून निघून गेलेला, आई पाठमोरी, फक्त तिची बोटं दाराची कडी चाचपतायत. मी श्वास रोखला. “रडू नको वं माय,” मामा पडद्याला म्हणाला, “येते तो वापस.” मी तडक उठलो आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. परवा तोच सिनेमा घरी दार लावून, एकट्याने पाहिला. ती पाठमोरी झाली, बोटं कडीवर गेली, आणि त्या शांततेत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी मीच म्हणालो, “रडू नको वं माय.”