कंजीची नोट

जुन्या नोटा पारखताना वरुणराव भिंगाआधी कान वापरत. नोट दोन बोटांत धरून कानाशी हळूच हलवायची. कोरी नोट कुजबुजते आणि कंजी लावलेली अप्पळासारखी, म्हणजे पापडासारखी वाजते, असं ते सांगत. कंजी म्हणजे भाताची खळ. इथल्या बायका ती वेष्टीला, म्हणजे धोतराला लावतात आणि लबाड विक्रेते मळक्या नोटेला. वर इस्त्री फिरवली की नवशिका गिऱ्हाईक फसलंच! बँकेत कॅशियर म्हणून तीस वर्षं काढलेले वरुणराव मात्र फसत नसत. तंजावूरच्या संग्राहकांत त्यांनी दिलेला दर्जा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती, आणि याचा त्यांना थोडा जास्तच अभिमान होता.

त्या अभिमानापायी त्यांनी सांबशिवला गमावलं होतं. सांबशिव त्यांचा शाळासोबती. नोटांचा नादही दोघांना एकदमच लागला. अकरा वर्षांपूर्वी संग्राहकांच्या बैठकीत सांबशिवने मोठ्या हौसेने आपली एक नोट पारखायला दिली. वरुणरावांनी ती कानाशी नेली आणि वीस माणसांदेखत म्हणाले, “कंजी.”

“मज ठाऊक नव्हतें, वरुणा,” सांबशिव म्हणाला.

“ज्याच्या घरांत नोट, त्याला ठाऊक नाहीं? हें कोण मानेल?”

सांबशिवने नोट खिशात घातली आणि आपल्या गावची, ओरत्तनाडूची बस धरली. पुन्हा तो बैठकीला आला नाही. वरुणरावांना दर महिन्याच्या बैठकीत त्याची आठवण यायची, पण आपण खरं तेच बोललो, या हट्टापायी पाऊल काही उचललं जात नव्हतं.

यंदा मुलीने, साईप्रियाने, टुमणं लावलं. “अप्पा, सगळ्यांच्या नोटा तपासतां. तुमची जॉर्जराजाची नोट दर्जा देणाऱ्या कंपनीकडे कधीं धाडणार?” ही सहाव्या जॉर्जच्या चित्राची दहा रुपयांची नोट म्हणजे वरुणरावांची पहिली खरेदी. लग्नाच्या वर्षी कुंभकोणमच्या एका भांडीवाल्याकडून घेतली, दुसऱ्या दिवसापासून ती प्लास्टिकच्या पाकिटात होती, ती आजतागायत बाहेर काढलेली नव्हती. तिच्यावर कुणाचे हात पडू नयेत, स्वतःचेसुद्धा, असा त्यांचा नियम.

धाडण्यापूर्वी त्यांनी ती हलकेच बाहेर काढली आणि सवयीने कानाशी नेली.

अप्पळ वाजला.

त्यांनी पुन्हा हलवली. मग खिडकीशी जाऊन नोट उजेडात तिरपी धरली. आकड्यांची शाई बोटाला जाणवायला हवी होती, ती चपटी होऊन बसली होती. भांडीवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या घालून ते स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला म्हणाले, “राजलक्ष्मी, त्या मेल्यानं मला कंजीची नोट दिली गं!”

राजलक्ष्मींनी हातातला भोपळा खाली ठेवला.

“त्यानं नव्हे,” त्या म्हणाल्या. “नोट आणलीत त्या रात्रीं ती तुमच्या शर्टाच्या खिशांतच होती. मी तसाच शर्ट भिजत घातलें. नवी नवरी मी, भ्यालें. नोट वाळवलें, वेष्टीची कंजी उरली होती ती लावलें, आणि इस्त्री करून तुम्ही आणलेल्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलें. सकाळीं तुम्ही म्हणालां, ‘बघ कशी कोरी आहे!’ मग काय सांगूं?”

“अडतीस वर्षं?”

“तुम्ही रोज तिचें कौतुक करत होतां हो.”

वरुणरावांना रागवायचं होतं, पण राग येईना. बाईंनी काम इतकं सफाईने केलं होतं की एखाद्या विक्रेत्याने त्यांना गुरू करावं. त्यांना सारखं सांबशिवचं तोंड दिसत होतं, नोट खिशात घालतानाचं. तोही खरंच बोलत असेल, हे त्यांच्या मनात अकरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

जेवण तसंच टाकून ते ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसले.

सांबशिव ओसरीवर पेपर वाचत होता. केस पांढरे झाले होते आणि एका कानात मशीन आलं होतं. त्याने ‘ये’ म्हटलं नाही, पण बाकावर थोडा सरकला. वरुणरावांनी पाकीट पुढे केलं.

“पारखून दे.”

सांबशिवने नोट ओळखली. ती घेतली त्या दिवशी कुंभकोणमला तो बरोबरच होता. मशीन नसलेल्या कानाशी त्याने ती हलवली, थांबला, परत हलवली.

“कंजी,” तो हळू म्हणाला.

“होय. राजलक्ष्मीनं लावलेली. आमच्या घरांतच.”

“आणि तुज ठाऊक नव्हतें?”

ओसरीवर दोघंच होते, तरी वरुणरावांना ते शब्द वीस माणसांसमोर बोलावेत तितके जड गेले.

“मज ठाऊक नव्हतें, सांबा.”

सांबशिवने नोट जपून पाकिटात सरकवली आणि त्यांच्या हातात दिली.

“मी मानतों,” तो म्हणाला, आणि दोन कॉफी सांगायला आत गेला.