देविदासचा पतंग आणि माझा आकडा

देविदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंब तालुक्यातल्या दोन भावांच्या वाटणीच्या शेतात मोजणी करत होतो. तीन बांध राहिले होते. ते मोजून, नकाशावर खुणा करून, दोन्ही भावांच्या सह्या घेऊन मगच निघालो. यवतमाळला पोचलो तेव्हा त्याला नेऊन पाऊण तास झाला होता. बांध कुठे पळून जाणार नव्हते... पण मी असाच आहे. जमीनमोजणीत आकडा चुकला तर सख्ख्या भावांची डोकी फुटतात, म्हणून अर्धं काम सोडायचं नाही ही सवय अंगात मुरली आहे.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात त्याचं ताडपत्री शिवायचं दुकान होतं. कापसाच्या गाड्यांवर टाकायच्या मोठ्या ताडपत्र्या तो शिवायचा. मी जीपसाठी एक घ्यायला गेलो आणि चौदा वर्षं जात राहिलो. संक्रांत आली की दुकान बंद आणि हा पतंग घेऊन गच्चीवर, पन्नाशी ओलांडली तरी. चार वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या बोटिंग क्लबातून त्याने जुनी कयाक आणली. एका माणसापुरती, वल्ह्याने चालवायची, प्लास्टिकची निमुळती होडी. मुळात ती समुद्रासाठी बनवलेली. मी टेप लावला, काट्यावरही चढवली. लांबी चार मीटर वीस, वजन सत्तावीस किलो.

"हिले पतंग बांधू," तो म्हणाला. "वल्हं कायले मारायचं बे? वारा फुकट हाय."

पहिला पतंग त्याने ताडपत्रीचाच शिवला. तो उडालाच नाही. दुसरा छत्रीच्या कापडाचा, तो आम्ही कयाक घालायचो त्या जवळच्या धरणात पडला आणि पाणी पिऊन इतका जड झाला की दोघांनी ओढून काढला. काठावर म्हशी घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, "काहो, मासे वरून पकडून राह्यले का?" देविदास म्हणाला, "हो बाबाजी, उडते मासे हायेत, तुमच्यासाठी दोन ठेवतो." पाचवा पतंग पॅराशूटसारख्या हलक्या कापडाचा होता, तीस मीटर दोरीचा. दोरी कयाकच्या नाकाला बांधलेली, आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मी आग्रहाने मारायला लावली. त्या दिवशी वल्हं फक्त दिशा धरायला पाण्यात होतं आणि कयाक निघाली. आठशे मीटर, सात मिनिटं दहा सेकंद. मी समोरच्या काठावर घड्याळ धरून उभा होतो. तो उतरला, ओल्या हातांनी मला धरलं आणि नुसता हसत राहिला.

नियम मी घातला. वारा मोजायचं छोटं यंत्र मी घेतलं होतं. ताशी वीस किलोमीटरच्या वर गेला की पतंग पिशवीतून काढायचा नाही. एका रविवारी एकवीस भरला. देविदास दिवसभर काठावर भजी खात बसला, कुरकुर केली नाही. यंत्र त्याने कधी हातात घेऊन पाहिलं नाही. "मोजणीवाला हाय ना आपल्यापाशी," एवढंच म्हणायचा.

त्याला एकदा समुद्र करायचा होता. गेल्या फेब्रुवारीत आम्ही भाड्याच्या पिकअपवर कयाक बांधून कोकणात गेलो. जाताना नऊशे चाळीस किलोमीटर. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला पाच किलोमीटरवरच्या पुढच्या गावापर्यंत जायचं, एवढाच बेत होता. दुपारी त्याने लाइफ जॅकेट चढवलं, पतंग वाळूवर पसरला आणि विचारलं, "किती हाय?"

यंत्रावर चौदा होता. मी पुन्हा धरलं, साडेचौदा. पुन्हा चौदा. मग मी वर पाहिलं. धरणाला समोरचा काठ होता, तिथे उभं राहता येत होतं. इथे समोर काहीच नव्हतं. या खुणेपासून त्या खुणेपर्यंत मोजण्यात माझं आयुष्य गेलं, आणि इथे दुसरी खूणच नव्हती. मी यंत्र खिशात टाकलं.

"बावीस," मी म्हणालो.

देविदासने मूठभर कोरडी वाळू उचलली आणि बोटांतून सोडली. ती फार लांब गेली नाही. कुठे पडली ते आम्ही दोघांनीही पाहिलं. जन्मभर पतंग उडवलेला माणूस तो...

"तू म्हनतं तं बावीस," तो म्हणाला आणि पतंगाची घडी घालू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पिकअप घेऊन परतीला निघायचं होतं. वाटेत त्याने मला हसवायचा प्रयत्नही केला. "समुद्राले आपला नियम आधी कळवाले पायजे होता बे."

घरी आल्यावर मी नकाशा काढून बसलो. वारा वायव्येचा होता, म्हणजे समुद्राकडून काठाकडे. पतंगाने त्याला फार तर पुन्हा वाळूवर, माझ्याकडेच आणलं असतं. हे त्याला सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. दिवाळीनंतर यकृताचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात तो म्हणाला, "यंदा फेब्रुवारीत जाऊ ना बे?" मी "जाऊ" म्हणालो. पतंगाचं माप मी एकोणऐंशी किलोच्या माणसासाठी काढलं होतं. तेव्हा तो एक्कावन्न किलोचा होता.

मागच्या आठवड्यात सुमनवहिनींनी, त्याच्या बायकोने, दुकानात बोलावलं. पतंगाची पिशवी त्यांनी स्वतः खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली.

"हा तुम्ही न्या भाऊजी. तुमचा दोघाचा होता." मग म्हणाल्या, "कोकणातून आले तं म्हने, समुद्र पाह्यला, बस झालं. पन झोपेत दोरी सोड, दोरी सोड म्हनत. लयच होता का हो वारा त्या दिवशी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "चौदा होता. मी त्याला बावीस सांगितला. मी भ्यालो होतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर एक ट्रक थांबला, कोणीतरी ताडपत्रीचा भाव विचारला. त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "दुकान बंद हाय."

"म्हनजे जमलं असतं," त्या म्हणाल्या.

"जमलं असतं."

त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. ओढून नाही, हळूच. स्टूल घेतलं, वर चढल्या आणि ती परत खुंटीला अडकवली.

"मंग इथंच राहू द्या," त्या म्हणाल्या. त्या स्टूलवरून उतरू लागल्या तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी शिलाई मशीनचा आधार घेतला.