मधला खांब

आमच्या हिच्याबरोबर शेवटचं साधं काम केलं ते किहीमच्या आमच्या वाडीतल्या खोपीत बसून सुपाऱ्या सोलायचं. दुसऱ्या दिवशी ती तिथंच बसल्या जागी गेली. वर्षभर ती खोप माझ्या डोळ्यांत खुपत होती, म्हणून मोडायला गावातल्याच एका गड्याला बोलावलं.

आधी तो आगबोटीवर खलाशी होता. आता गावातल्या खोपी शाकारायचा तोच आणि मोडायचाही तोच. तोंडात कायम विझलेली विडी. घरात बाईमाणूस असलं की बाहेर खाकरल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. ही गेल्यापासून मात्र माझ्याकडं सरळ चुलीपर्यंत यायचा.

त्यानं छपरावरचे माडाचे झाप उतरवले, सुंभ सोडलं. मधला खांब तेवढा ठेवला आणि खाली बसला.

"काढ की," मी म्हटलं.

"खोप रिकामी झाल्याबिगर काढत न्हाय मी. वयनींना हाक मारा, तात्या."

"येडा झालास काय? नुसती जमीन हाय तिथं."

"मग हाक मारायला भिता कशाला?"

राग आला मला. तिचं नाव तर मी जन्मात घेतलं नव्हतं. "अगं," म्हटलं, "चल घरी."

तो चटकन उठला, खोपीचं दार होतं तिथून बाजूला सरला आणि समोरून बाई जाताना राहावं तसा मान खाली घालून उभा राहिला. मग खांब उपटला.

सकाळी तो लाकडं न्यायला आला. घरात मी एकटाच पेज ढवळत होतो. तो उंबऱ्यापाशी थांबला आणि बाहेरूनच खाकरला.