धोबिणींची वाट

शांबर्ने गावच्या सायकल मंडळाच्या फेऱ्या आखायच्या त्या रोझलिननेच. जाड टायरांच्या सायकली, खडीच्या नि मुरमाच्या वाटा, आणि दिवसभरात मोटार म्हणून नजरेला पडता कामा नये, ही तिची अट. उभा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला होता, डांबराचा तिला वीट आला होता. घरबसल्या संगणकावर वाट आखून मोकळं होणाऱ्यांवर तर तिचा भारी राग. "पडद्यावर सगळ्याच वाटा जातात. तुझ्या पडद्याला काटे टोचतात का?" असं ती तोंडावर विचारायची. स्वतः मात्र छाटणीची कात्री पिशवीत टाकून आधी एकदा जाऊन यायची. लाकूडतोडीच्या यंत्रांनी कुठे चाकोऱ्या पाडल्यात, कुठल्या वाडीवरचा कुत्रा सुटा असतो, शिकारीच्या मोसमात कुठल्या रानात हाकारा आहे, सगळं तिला तोंडपाठ. पाणी भरायचं ते दफनभूमीच्या नळावर. "मेलेल्यांचा नळ कधी आटत नाही," म्हणायची आणि खुशाल बाटल्या भरायची.

पण मोटारींचा एवढा दुस्वास का, हे ती कोणाला सांगत नसे. कारण होतं तिचा नवरा लेओंस. लाकडाच्या गिरणीत करवतींपाशी त्याचं आयुष्य गेलं आणि कान तिथेच राहिले. गावाला वाटे, लेओंसला जरा कमी ऐकू येतं. खरं तर काहीच ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ वाचून, मान डोलावून तो वेळ मारून न्यायचा. त्याचं गुपित ते रोझलिनचं गुपित.

तरुणपणापासून सायकल हे लेओंसचं वेड. कान गेल्यावर मागून येणारी मोटार एकदम कोपराशी उगवायची आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. सायकलीला आरसा लावून पाहिला, तर आरशात बघता बघता तो खड्ड्यात गेला. पुढे मंडळाबरोबर जाताना कोणी एक वेगात अगदी खेटून गेला, हा दचकला आणि चरात पडला. खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण माणूस स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जो बसला, तो उठेना.

तेव्हा रोझलिनने धोबिणींची वाट मोकळी केली. तिच्या परसामागून ती निघते, दोन शेतांमधून ओढ्याकाठच्या जुन्या धुण्याच्या दगडांपर्यंत उतरते आणि पुढे ओकच्या रानात शिरते. रान लागलं की दिवसभर खडीच्या वाटा. बायका ओढ्यावर धुवायच्या थांबल्या तशी वाट काट्यांनी गिळली होती. रोझलिनने हिवाळाभर एकटीने काटे कापले. परसामागचं तोंड मात्र काट्यांनी झाकलेलंच ठेवलं आणि मंडळात सांगितलं, "तिकडे फिरकू नका. दलदल आहे, गुडघाभर चिखल." मंडळी मुकाट टेकडीचा वळसा घालत राहिली.

लेओंस पुन्हा सायकलवर बसला. तो पुढे, ती मागे. काही सांगायचं झालं तर ती त्याच्या पुढे जाऊन थांबायची, म्हणजे त्याला तिचे ओठ दिसायचे. बरेचदा सांगायचं काही नसायचंच. दोन वर्षं तिने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

एका सकाळी पावाच्या दुकानात सरपंच सोलांज भेटली. दोघी एका बाकावर शिकलेल्या.

"गास्पारने धोबिणींची वाट विकत मागितलीय," सोलांज म्हणाली. "दोन्हीकडची शेतं त्याचीच. मधे कुंपण नसलं की गुरं मोकळी फिरतील."

"वाट गावाची आहे."

"गावाची आहे, पण वापरात नसेल तर गावाला ती विकता येते. आता तूच सांग, कोण वापरतं तिला? गुडघाभर चिखल आहे असं तूच तर सांगत फिरतेस. शनिवारी सकाळी जिल्ह्याचा अधिकारी पाहणीला येतोय. नुसती वाट दिसून भागणार नाही, त्याला माणसं दिसायला हवीत."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ झाकली म्हणूनच हातचं जायची पाळी आली. तिने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. वाट गेली तर लेओंस पुन्हा खुर्चीत, आणि वाचवायची तर ज्यांच्यापासून ती लपवली त्यांनाच घेऊन जायचं.

गुरुवारी संध्याकाळी ती कॅफेत गेली. मंडळाची बैठक तिथेच भरते. "शनिवारी सकाळी सगळ्यांनी माझ्या परसामागे जमायचं," ती म्हणाली. "धोबिणींची वाट. चिखलबिखल काही नाही. मी खोटं बोलले होते."

मंडळाचा अध्यक्ष फिर्मँ, पोटाचा घेर चांगलाच. त्याने हातातला पेला खाली ठेवला. "म्हणजे दोन वर्षं मी हे पोट घेऊन टेकडी चढलो ती उगाचच?"

"पोट कमी झालं का?"

"नाही."

"मग चढलास कुठे? सायकल ढकलतच नेलीस." सगळे हसले, आणि का लपवलीस हे विचारायचं राहून गेलं. तिला तेच हवं होतं.

लेओंसला तिने यातलं काही सांगितलं नाही. वाट विकायला निघालीय आणि अधिकारी येतोय, एवढं त्याला सोलांजच्या तोंडून कळलंच होतं. मंडळ येणार हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. शनिवारी त्याला पुढच्या दाराशी कशात तरी गुंतवून ठेवू, म्हणजे गर्दीत सापडायचा नाही, असा तिचा बेत.

शनिवारी परसामागे चाळीसएक माणसं जमली. रोझलिन सायकल काढायला छपरीत गेली, तर लेओंसची सायकल जागेवर नव्हती. माणसं जमायच्या आधीच तो निघाला असणार. ती तशीच वाटेला लागली, आणि तिच्यामागे घंट्या वाजवत, गप्पा छाटत सगळी वरात. पहिल्या वळणापुढे लेओंसची पाठ दिसली. सावकाश, वाटेच्या अगदी मधून, एकटाच चालला होता.

फिर्मँने घंटी वाजवली. मग जोरात वाजवली. आणि बाजूने काढायला पुढे सरसावला.

रोझलिनने सायकल त्याच्या आडवी घातली. "थांबा. त्याला ऐकू येत नाही. कमीबिमी नाही, काहीच नाही. कोणी खेटून गेलं तर तो पडेल. कोणीही पुढे जायचं नाही." इतकी वर्षं जे झाकलं, ते तिने चाळीस माणसांत उघड्यावर मांडलं होतं, आणि तेही त्याच्याच पाठीमागे. तिला स्वतःचीच लाज वाटली.

फिर्मँने घंटीवरचा अंगठा काढला. लेओंसच्या चालीने सगळे मागून निघाले, इतके हळू की काहींना पाय टेकत जावं लागलं. टायरखाली खडी तेवढी कुरकुरत होती.

खाली धुण्याच्या दगडांपाशी सोलांज, गास्पार आणि जिल्ह्याचा अधिकारी उभे होते. लेओंस उतरला, त्याने टोपी काढली. बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्याने बोलला. "साहेब, मी लेओंस. कोणी वापरत नाही म्हणतात, पण मी वापरतो ही वाट. एकटा असलो तरी माणूसच आहे ना?"

अधिकारी लेओंसच्या खांद्यावरून मागे पाहत होता. गास्पारने कपाळाला हात लावला. त्यांची नजर कुठे लागलीय हे पाहायला लेओंस वळला. वळणापर्यंत माणसंच माणसं, सायकली धरून उभी.

रोझलिन पुढे येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे कधीपासून मागे आहेत?" त्याने विचारलं.

"वरच्या वळणापासून. मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं."

तो रागावेल, असं तिला वाटलं. त्याने रांगेकडे पाहिलं, फिर्मँच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"आणि एवढ्या सगळ्यांना माझ्यामागे रखडवलंस?" तो म्हणाला. "पुढे येऊन मला सांगायचंस की. मी बाजूला झालो असतो."